जनकाबाईच्या घरचं चूलबंद आवतण

वसमतमध्ये आमच्या गल्लीत राहायला यायचं असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. इथे कोणाच्या घरी काय शिजतंय हे लपत नाही, आणि कोणी लपवायला गेलंच तर मी ते होऊ देत नाही. जनकाबाईचं दार माझ्या दारासमोर आहे. तिनं फोडणीत मिरची जास्त टाकली की शिंका मला येतात. त्यामुळे तिच्याबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका कोणाला नाही, तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. जळबाभाऊ मोंढ्यात हळदीची पोती उचलतात, संध्याकाळी नवरदेवासारखे पिवळेधमक होऊन घरी येतात, आणि ‘व्हय’ या एका शब्दावर त्यांनी आजवर संसार रेटला आहे. बाकीचे सगळे शब्द जनकाबाईकडे आहेत. बाई अंगानं काडी, पण आवाज असा की तिनं घरात कुजबुज केली तर कोपऱ्यावरचा किराणावाला ‘काय म्हणले?’ म्हणून विचारतो.

या दोघांची एकुलती एक लेक आकांक्षा. वय वीसच्या पुढं, उंची माझ्या खांद्याइतकी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. जन्मली तेव्हाच नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाऊन सिंड्रोम आहे, लेकरू उशिरा चालेल, उशिरा बोलेल, शिकायला वेळ लागेल. सगळं उशिरा झालं, पण झालं. चालायला लागली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘अजून’ होता, आणि तो माझ्या हातच्या सुशीला, फोडणीच्या चुरमुऱ्यांना, उद्देशून होता. जनकाबाईच्या मनात ते अजून सलतं. मी पण आठवण करून द्यायला विसरत नाही.

आकांक्षाला काही शिकवायचं तर तेच ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पण एकदा शिकली की दगडावरची रेघ. लहानपणी ती दिसेल त्याच्या ताटात हात घालायची, म्हणून जनकाबाईनं तिला धडा घालून दिला, ‘एकट्यानं खायचं न्हाई. घरात जेवढे हायत, तेवढ्यांना आधी इचारायचं.’ तेव्हापासून पोरगी बिस्कीट उघडलं की घरभर फिरते. माझ्याकडे असली तर माझ्या घरभर. एकदा लाईटचं मीटर बघायला माणूस आला होता, त्यालाही विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं उन्हात उभं राहून अर्धं बिस्कीट खाल्लं आणि मग बिल फाडलं.

हा धडा लक्षात ठेवा. पुढं तोच आमच्या गल्लीवर उलटणार आहे.

झालं असं की आमच्या वस्तीच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून, धुरपताबाईचं शेवयांचं मशीन आहे. उन्हाळ्यात बायका गव्हाचा रवा घेऊन तिथं नंबर लावतात. धुरपताबाईची तक्रार एकच, नंबर आला तरी बायका वेळेवर येत नाहीत. फोन केला तर ‘निघाले निघाले’ म्हणतात आणि टीव्हीसमोर बसतात. दारात जाऊन बोलावणारं माणूस तिला हवं होतं. तिनं आकांक्षाला विचारलं. आकांक्षा तिथल्या तिथं चप्पल घालून तयार!

जनकाबाई म्हणाली, “न्हाई.”

“काहून न्हाई?” आकांक्षानं कमरेवर हात ठेवले.

“हापशाच्या पुढं एकटी कधी गेलीस का तू?”

“तू जाऊ देत न्हाईस.”

“तिकडं ट्रॅक्टर येतेत, ट्रका येतेत.”

“मला दिसतेत,” आकांक्षा म्हणाली आणि चष्मा वर सरकवला.

गल्लीच्या तोंडाशी हापसा आहे, तीच आकांक्षाची सरहद्द. हापशाच्या अलीकडे ती राणी, पलीकडे जनकाबाईचा जीव टांगणीला. उन्हाळा लागल्यापासून रोज सकाळ-दुपार घरात हेच भांडण. जळबाभाऊंना दोघी कौल लावायच्या. ते मायला ‘व्हय’ म्हणायचे, लेकीलाही ‘व्हय’ म्हणायचे आणि मोंढ्यात पळून जायचे.

एवढ्यात त्यांच्या घरावर स्लॅब टाकून झाला. इतकी वर्षं पत्र्याखाली काढलेली, आता पक्की खोली झाली. सकाळी भंतेजींच्या हस्ते वंदना आणि दुपारी जेवण असं ठरलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, भात आणि बुंदी. जळबाभाऊ म्हणाले, “मोबाईलवर टाकून देऊ.” आयुष्यात पहिल्यांदा ते एवढं लांब वाक्य बोलले आणि ते चुकीचं निघालं. आमच्याकडे मोबाईलवर आलेल्या आवतणाला कोणी जेवायला जात नाही. घरच्या माणसानं दारात उभं राहून सांगावं लागतं. त्यातही दोन प्रकार. ‘घरटी एक’ म्हणजे प्रत्येक घरातून एकानं यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे त्या घरात चूलच पेटवायची नाही, म्हातारं-कोतारं, लेकरं-बाळं, आलेले पाव्हणे, सगळ्यांनी यायचं. आता घरोघरी गॅस आला, तरी आवतण चुलीलाच असतं. ‘गॅसबंद आवतण’ असं म्हणताना मी तरी कोणाला ऐकलं नाही.

जनकाबाईनं घरटी एकाचा बेत केला. वस्ती मोठी, कढई बेताची.

“आवतण मी देणार,” आकांक्षा म्हणाली. “एकटी.”

जनकाबाईच्या हातातली लाटी खाली पडली. मी दारातच होते, मी कुठं जाणार? मी म्हणाले, “दे की गं. आवतण बराबर दिलं तर धुरपताबाईकडं जाईल, न्हाई दिलं तर घरी बसंल. रोजचं भांडण तरी मिटंल. मला दुपारी झोप लागत न्हाई तुमच्यापायी.”

“व्हय,” जळबाभाऊ म्हणाले.

मग सुरू झाली तालीम. माझं दार म्हणजे सगळ्या वस्तीची दारं. मी कधी बहिरी म्हातारी व्हायचे, कधी तिरसट सून. आकांक्षा दार वाजवायची, दोन्ही हात जोडायची आणि म्हणायची, “जय भीम. आमच्याकडं जेवायला या. घरटी एक.” शंभर वेळा झालं, शंभर वेळा बराबर. एकदा मी म्हणाले, “अन् माझ्या नवऱ्यानं काय दगड खायचे का?” तर जनकाबाई माझ्यावरच धावून आली, “शिला, तसलं इचारू नको! ती घोटाळ्यात पडती.”

“वस्तीतल्या बायका इचारणारच की.”

“तू वस्तीकडून न्हाई, माझ्याकडून हायस!”

आणखी एक सूचना होती. भिकाबाईचं दार सोडून द्यायचं. त्यामागं इतिहास आहे. मागं जनकाबाईनं कुरडया वाळत घातल्या होत्या, राखणीला आकांक्षा होती. भिकाबाईची शेळी आली आणि निम्मी बाज साफ करून गेली. आकांक्षानं शेळीला हाकललं नाही, कारण शेळी एकटी खात नव्हती, बरोबर दोन पिल्लं होती. तेव्हा भिकाबाई फाटकन बोलून गेली, “राखणीला असलं लेकरू बसवल्यावर दुसरं काय होणार?” झालं. कुरडया गेल्याचं जनकाबाईला काही नव्हतं, पण ‘असलं’ हा शब्द ती गिळू शकली नाही. बोलणं बंद. भिकाबाई समोरून आली की जनकाबाई आभाळात विमान शोधायची.

आवतणाच्या दिवशी आकांक्षा नवीन ड्रेस घालून निघाली. हापशापाशी थांबली, मागं वळून मायला म्हणाली, “तू यायचं न्हाई.” आणि गेली.

जनकाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. समोर वांग्यांचा ढीग. वांगं कापायची, रस्त्याकडे बघायची. दोन वांगी कापली, तिसऱ्याच्या जागी बोट. मी हळद लावली. म्हणाले, हळदीला काय तोटा, तुझ्या नवऱ्याचा सदरा झटकला तरी निघती! पण ती हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, “शिला, आपण हावोत तवर ठीक हाय. आपल्या मागं हिला जेवायला कोण बोलवंल?”

मी एक वांगं उचलून कापत बसले.

उन्हं उतरायला आली तेव्हा आकांक्षा परत आली. चेहरा लाल, ओढणीच्या एका टोकाला कोणीतरी बांधून दिलेले शेंगदाणे, हातात कैरी, चष्मा जागेवर. आधी माझ्या दाराशी आली, हात जोडले, “शिलामावशी, सगळे या.” मी म्हणाले, येते. सख्ख्या शेजाऱ्याला सगळ्यांनाच आवतण असतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. जनकाबाईनं विचारलं, “एखादं घर राहिलं का गं?”

“न्हाई.”

लेक परत आली या आनंदात बाईनं पुढचा प्रश्न विचारलाच नाही. उलट कडाकडा बोटं मोडली आणि मला ऐकवलं, “बघ! शिकवावं लागतं, शिला, शिकवावं लागतं!”

दुसऱ्या दिवशी वंदना छान झाली. भंतेजी गेले, मांडवाखाली पंगतीच्या ताडपत्र्या पडल्या. सगळ्यात आधी गोपीचंद टेलर आला. मागून त्याची बायको. तिच्यामागून त्याची म्हातारी, काठी टेकत. मग त्याची पोरं, आणि पोरांच्या मागून सुट्टीला आलेली बहीण, तिच्या सासूसकट. जनकाबाईच्या हातातला वरणाचा डाव हवेतच राहिला.

“भाऊ, सगळेच आलात?” तिनं आवाजात जमेल तेवढी साखर घातली.

“येणारच की वहिनी! चूलबंद आवतण सांगून गेली पोरगी. आमच्या म्हातारीनं तर सकाळपासून चहा पण घेतला न्हाई, पोटात जागा ठेवली.”

आणि मग वस्ती फुटली. गल्लीच्या तोंडाकडून माणसंच माणसं. कडेवर लेकरं, हातात ताटं-तांबे. कोणाचे जावई आले, कोणाचे व्याही. एका घरी वारंग्याहून मुलगी बघायला पाव्हणे आले होते, ते मुलगी बघायची सोडून रोडगे बघायला आले. जळबाभाऊ दारात उभे राहून प्रत्येकाला ‘व्हय, व्हय, व्हय’ करत होते. मला असलं हसू फुटलं की मी हातातला तांब्या सांडला.

“आकांक्षा!” जनकाबाईची कुजबुज किराणावाल्यापर्यंत गेली. “घरटी एक सांगायचं होतं ना?”

“सांगितलं,” आकांक्षा म्हणाली. “मग त्यांनी इचारलं, बाकीच्यांनी काय करायचं?”

“मग?”

“मग मी इचार केला.” तिनं चष्मा वर केला. “एकट्यानं खायचं न्हाई. तूच म्हणती.”

जनकाबाईनं शेजारचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी वरणात ओतलं.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि भिकाबाई आली. नवरा, दोन सुना, नातवंडं. शेळी तेवढी घरी ठेवली होती. जनकाबाईनं सवयीनं विमान शोधलं, पण वर आता मांडव होता.

“माझ्या दारात आली तुझी लेक,” भिकाबाई म्हणाली. “मी म्हणलं, तुझ्या मायनं धाडलं का? तर म्हणती, मी सांगून राहिले ना! दारातून हलंना. मी व्हय म्हणल्याबिगर गेली न्हाई.” मग तिनं पंगतीकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, जनकाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे समजायचं ते समजली. “किती जणांचं केलंस?”

जनकाबाईनं नुसती कढई दाखवली.

“अगं माय!” भिकाबाईनं पदर खोचला आणि सुनांकडे वळली. “काय बघून राहिल्या? चला, पीठ काढा! शिला, हसत काय बसलीस, तुझ्या घरात तांदूळ हायत का न्हाईत?”

पुढचं मी बघितलं म्हणून सांगते, नाहीतर मला खरं वाटलं नसतं. चूलबंद आवतणाला आलेल्या बायका उठल्या आणि त्यांनी आपापल्या घरी जाऊन चुली पेटवल्या. कोणी भाकरी थापल्या, कोणी पिठलं हाटलं, कोणाच्या घरून ठेचा आला. माझ्या कुकरनं इतक्या शिट्ट्या मारल्या की शेवटी त्याचा आवाज बसला. आवतण चूलबंद आणि सगळ्या वस्तीत एकही चूल बंद नव्हती! भिकाबाईनं घरून कुरडयांचा डबा आणला आणि मांडवात बसून स्वतः तळल्या. पहिली कुरडई आकांक्षाच्या हातात दिली. आकांक्षानं ती घेतली आणि आधी नेहमीसारखं भोवतालच्या सगळ्यांना विचारून आली. परत आली तेव्हा हातात एवढासा तुकडा उरला होता. भिकाबाईनं दुसरी दिली आणि दटावलं, “ही मात्र एकटीनं खा. मी सांगून राहिले ना!”

पंगती उठल्या तेव्हा धुरपताबाई हात धुऊन जनकाबाईपुढं उभी राहिली. “मला ही पोरगी पाहिजे. मी बोलावलं तर निम्म्या बायका येत न्हाईत. हिनं बोलावलं तर व्याहीसुद्धा आले.”

“अहो, पण ती चुकली की!” जनकाबाई म्हणाली. “घरटी एक सांगायचं होतं. भिकाबाईचं दार...” तिनं भिकाबाईकडे पाहिलं आणि ते वाक्य तिथंच सोडून दिलं.

“आई,” आकांक्षा म्हणाली, “कोण उपाशी राहिलं?”

जनकाबाईनं ताडपत्रीकडे पाहिलं. गोपीचंदची म्हातारी ताटाशेजारीच झोपली होती, तोंडाला बुंदी लागलेली. उपाशी कोणीच नव्हतं. एक जनकाबाई सोडून, कारण यजमानीण अजून जेवली नव्हती. आकांक्षानं ते ओळखलं, ताट वाढून आणलं आणि मायच्या शेजारी बसली.

जेवता जेवता जनकाबाई म्हणाली, “सकाळी लवकर जायचं. रस्त्याच्या कडंनं. अन् ट्रक आला की उभं राहायचं.”

“व्हय,” जळबाभाऊ म्हणाले, आणि या खेपेला मोंढ्यात न पळता दोघींजवळ येऊन बसले.

सकाळी आकांक्षा निघाली. हापसा ओलांडला. तिच्या मागून, बरंच अंतर ठेवून, हातात रिकामी बादली घेऊन जनकाबाई निघाली. मोठ्या रस्त्याला नळ नाही, विहीर नाही, बादली कशाला हे विचारू नका. आणि जनकाबाईच्या मागून मी, कारण आता ही बाई काय करते हे गल्लीला कळायला नको का? आकांक्षा कडेकडेनं चालली. हळदीचा एक ट्रॅक्टर आला, ती उभी राहिली. ट्रॅक्टर गेला, ती पुढं गेली. जनकाबाई लिंबाच्या झाडामागं लपली. झाड बारीक, पण बाई त्याहून बारीक, म्हणून झाकली गेली. मी झाकले गेले नाही.

आकांक्षानं मागं वळून पाहिलं. तिला आधी मी दिसले, मग बादली दिसली.

“आई,” ती तिथूनच ओरडली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, “घरी जा! शेवयाच्या रव्याला पाणी लाव. उद्या तुझाच नंबर हाय!”