हत्तींच्या जंगलातलं शेकरू

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला हत्ती दाखवायला कर्नाटकातल्या जंगलात नेलं. जीपमधून तिला सागावर शेकरू दिसलं. ते पानं ओढून घरटं बांधत होतं. पुढं बांबूच्या बेटाशी गवे चरत होते. "बाबा, थांबू या ना," ती दोन्हीकडं म्हणाली. मी ड्रायव्हरला "आधी हत्तीकडं चला" म्हणत राहिलो. हत्ती दिसलाच नाही, आणि तिचं बघणंही माझ्यामुळं राहून गेलं.

नंतर पाहुण्यांना घेऊन वेरूळला गेलो. दगडी हत्तीपाशी लेक मला म्हणाली, "बघा आता पोटभर. हा कुठं जात नाही."

हत्तीच्या पाठीवर एक वानर पिल्लाला घेऊन बसलं होतं. पाहुणे पुढं गेले, ती मात्र त्या वानराकडं बघत राहिली. ते वानर उठेपर्यंत मी तिच्याजवळ थांबलो.