उशीखालचं सोनेरी पान

आमच्या शेजारची लोरेटा प्रुइट आठवडाभर शाळेची बस चालवते आणि सुट्टीला राज्याच्या सैन्यदलात कॅप्टन असते. गव्हर्नरांनी तिला मेजर नेमलं, पण त्यावर सिनेटचा, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाचा, होकार लागतो. त्यात आमच्याकडची रीत अशी, की उमेदवाराच्या भागातल्या सिनेटरनं उभं राहून नाव पुकारायचं. आमच्या भागाचे सिनेटर हॉबसनसाहेब, गव्हर्नरांनी नदीवरचा पूल नाकारला म्हणून त्यांच्यावर रुसलेले. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी लोरेटा कडक इस्त्रीच्या गणवेशात गॅलरीत माझ्या शेजारी बसली होती. बाकीचे सिनेटर उठले, नावं मंजूर झाली. हॉबसन मात्र खुर्चीला चिकटवल्यासारखे बसून राहिले आणि लोरेटाचं नाव पुढच्या अधिवेशनावर गेलं.

तिथून आम्ही वृद्धाश्रमात तिच्या वडिलांकडे गेलो. म्हातारे जुने सार्जंट. मेजरच्या हुद्द्याची खूण असलेलं सोनेरी पान त्यांनी केव्हाच आणून उशीखाली ठेवलंय. ते लेकीच्या खांद्यावर स्वतः लावायचं, एवढीच आस. हात मात्र दिवसेंदिवस जास्तच थरथरतात.

"ये, मेजर!" त्यांनी पान काढलं.

"बाबा, अजून कॅप्टनच आहे मी."

"खड्ड्यात गेलं सिनेट! इथं कोण बघतंय?"

"ते हो म्हणेपर्यंत नाही लावणार. तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं खरं. तेव्हा अक्कल कमी होती," म्हातारे पुटपुटले.

लोरेटा हसली आणि खिडकीकडे वळली. म्हाताऱ्यांनी उशी मांडीवर ओढली आणि ते उशीच्या कोपऱ्याला पान टोचू लागले.

"हे काय, काका?" मी विचारलं.

"सराव," ते म्हणाले. "पुढच्या अधिवेशनापर्यंत हात टिकायला हवा."