स्टेपनी कोण?

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं तर डायरीत लाल शेरा मिळायचा. त्या शाळेनं मला एक खात्री देऊन ठेवली होती. चार लोकांत मी बोलणार नाही, पण बोलले तर इंग्रजी चुकणार नाही. टेक्सासमधल्या एका टायरच्या दुकानात ती खात्री संपली.

प्लेनोमध्ये आमच्या ओळखीचे एक काका आहेत. चाळीस वर्षांपूर्वी इथं आलेले, आता निवृत्त झालेले इंजिनियर. दर हिवाळ्यात ते आणि काकू पश्चिम टेक्सासच्या ओसाड भागात कॅम्पिंगला जातात आणि आमच्यासारख्या नव्याने आलेल्या दोन-तीन जणांना बरोबर नेतात. रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा. फोनला रेंज नाही, आणि टायर फाटला तर मदत यायला अख्खा दिवस. मागच्या दोन्ही वेळा मी काकांच्या ट्रकमध्ये मागच्या सीटवर होते, आइस बॉक्स आणि स्लीपिंग बॅगांच्या मधे. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा त्यांच्या गाडीतून येत. "तू म्हणजे आपली स्टेपनी यार, कुठेही ठेवली तरी बसते," असं मैत्रीण म्हणाली होती. मी हसले होते.

या वर्षी मी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली. ती मला स्वतः चालवत न्यायची होती. काकांचा नियम मात्र सगळ्यांना सारखा होता: निघायच्या दिवशी सकाळी ते प्रत्येक गाडीचे पाचही टायर बघणार. एक जरी नापास झाला तर गाडी प्लेनोतच राहणार आणि माणूस त्यांच्या मागच्या सीटवर जाणार.

टायरचा अभ्यास मी मनापासून केला. आधीच्या मालकाचे टायर नुसत्या हायवेसाठीचे, आणि तेही झिजलेले. खाचेत नाणं उलटं खोचलं तर नाण्यावरचं डोकं पूर्ण दिसत होतं, म्हणजे रबर संपलेलं. जाड बाजूंचे, खोल खाचांचे चार नवे टायर मागवले. हवा मोजायचं गेज घेतलं, सिगरेट लायटरच्या जागी लावायचा छोटा कॉम्प्रेसर घेतला. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची, कारण चालून तापलेला टायर आकडा वाढवून दाखवतो, हे मला माहीत होतं. कच्च्या रस्त्याला लागल्यावर हवा थोडी काढायची, म्हणजे टायर पसरतो आणि दगडावर आपटण्याऐवजी त्याला धरून चालतो, हेही माहीत होतं.

बुधवारी अर्विंगमधल्या, माझ्या घराजवळच्या दुकानात गाडी सोडली. काउंटरवर एक वयस्क गृहस्थ होते, कानावर पेन खोचलेले. आत नट काढायच्या मशीनचा आवाज चालला होता. चार नवे टायर बसवायचे आहेत, संध्याकाळी गाडी न्यायला येईन, हे मी सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आणि स्टेपनीसुद्धा."

"स्टेपनी?"

"हो, स्टेपनी."

त्यांनी पेन काढलं आणि स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. एकेक अक्षर, न अडखळता. मनातून बरंही वाटलं की एका अमेरिकन माणसाला मी इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग सांगते आहे.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा ते कागदात बघून म्हणाले, "स्टेपनी तूच का?"

कागदावर 'गाडी कोण नेणार' या रकान्यात माझा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला होता. माझ्यामागे दोन माणसं उभी होती. आता सांगायचं म्हटलं तर बरंच बोलावं लागलं असतं. मी हो म्हटलं, सही केली आणि किल्ली घेऊन निघाले.

घरी आल्यावर शोधलं. हा शब्द आपल्याकडे चालतो, इथं कोणालाच माहीत नाही. इथं म्हणतात स्पेअर. प्रवासाला निघण्याआधी बाबा नेहमी "स्टेपनीत हवा आहे ना?" विचारायचे आणि मला तो पक्का इंग्रजी शब्द वाटायचा. शाळेत त्यावर लाल शेरा मिळाला नसता, एवढी मला खात्री होती.

गुरुवारी काकूंनी आम्हा सगळ्यांना तयारीसाठी जेवायला बोलावलं. काकांनी वाटीतली आमटी संपवली आणि विचारलं, "स्टेपनी बघितली का गं त्यांनी?"

"मी सांगितलं होतं, काका."

"तू सांगितलंस ते कळलं. त्यांनी बघितली का?"

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या सांगते. काका काकूंना म्हणाले की मागच्या सीटवरचं सामान थोडं कमी धरा. ते मला पुरेसं लागलं.

शुक्रवारी सुट्टी घेतली आणि सकाळीच पार्किंगमध्ये चटई टाकून गाडीखाली शिरले. माझ्या गाडीचा पाचवा टायर मागे खाली, साखळीनं टांगलेला असतो. मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की तो हळूहळू उतरतो. उतरला तो धुळीनं पांढरा झालेला. बाजूच्या रबरावर बारीक भेगा होत्या, कोरड्या ओठांसारख्या. टायरवर कारखान्याचे चार आकडे असतात: पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. ते फडक्यानं पुसून वाचले. मी दहावीत होते तेव्हाचा टायर होता तो. आणि साइजही नव्या चारांपेक्षा लहान.

काका हे आकडे वाचणार, यात शंका नव्हती. फोन करून दुकानाला विचारता आलं असतं, पण फोनवर मी आणखीच आखडते. तो टायर उचलून गाडीत घातला आणि गेले.

काउंटरवर तेच गृहस्थ होते. "हाय, स्टेपनी," ते म्हणाले.

दुकानात चार-पाच लोक बसले होते. मी टायर घरंगळवत काउंटरपर्यंत आणला आणि त्याला भिंतीशी टेकवून ठेवला.

"माझं नाव स्टेपनी नाही," मी म्हटलं. "स्टेपनी ही आहे. आमच्याकडे पाचव्या टायरला असं म्हणतात. ही म्हातारी झालीये, आणि मला बाकीच्या चारांच्या साइजची नवी हवी आहे. आज. उद्या सकाळी मी जिथे चालले आहे तिथे दुकान नाही."

माझ्याच आवाजात ही एवढी वाक्यं सलग ऐकून मला नवल वाटलं. त्यांनी टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे बुधवारी मी एका टायरला गाडी दिली," ते म्हणाले.

"आणि टायरनं सही केली," मी म्हटलं.

बाकावरचा एक माणूस हसला. दोन तासांनी नवा टायर बसला. मी म्हणाले, मला तो टांगायच्या आधी बघायचा आहे. गेज लावून हवा मोजली, आकडे वाचले, मग दांडा मागून घेऊन स्वतःच वर चढवला.

शनिवारी उजाडता उजाडता प्लेनोला पोचले. काका टोपी, बॅटरी आणि गेज घेऊन तयारच होते. चारही टायर बघून झाल्यावर ते ड्राइव्हवेवर गुडघे टेकून वाकले आणि बॅटरी गाडीखाली मारली. टायरवरचे चार आकडे एकेक करून वाचले.

उठले, गुडघे झटकले आणि दुकानाचा कागद मागितला. कागदावर वरती माझं खरं नाव होतं, बरोबर स्पेलिंगनं. खाली टाइप केलं होतं, स्पेअर टायर, नवा, एक. त्याच्या बाजूला पेननं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं: स्टेपनी.

"हे त्याला कोणी शिकवलं?" काकांनी विचारलं.

"मी."

काकू दारातून म्हणाल्या, "हे तर पहिल्या वर्षी तीन दुकानं फिरले होते स्टेपनी शोधत. शेवटी हातवारे करून आणली."

काकांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "हिच्या गाडीत मागे कोण बसतंय? आइस बॉक्स तिकडे ठेवा."

मैत्रीण नवऱ्याला त्यांच्या गाडीत सोडून आपली उशी घेऊन आली आणि बॉक्सच्या बाजूला सरकली. मी आरसा तिच्या डोक्यावरून मागचा रस्ता दिसेल असा लावला आणि काकांच्या ट्रकमागे गाडी काढली.