रामाजीची झील आणि नवी कॅसेट

नागपूरला सक्करदऱ्याच्या बाजारात भिवापुरी मिरचीचं तिखट विकणाऱ्या तुळसाबाईला एखादी गोष्ट पटली नाही, की ती आधी नाक उडवायची आणि मग तोंड उघडायची. पण सत्त्याऐंशी साली सीताबर्डीच्या व्हिडिओच्या दुकानात तिनं नाकही उडवलं नाही. सरळ पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेले तिचे जावई मधुकरराव दचकून उठले.

"मामी, मळमळून राहिलं का? पाणी आणू?"

"पाणी नोको. आधी ते बंद करा."

'ते' म्हणजे दुकानातल्या टीव्हीवर चाललेला सिनेमा. जुनाच, पण बंबईच्या कुण्या कंपनीनं मशीनवर घालून धुऊनपुसून त्याची नवी कॅसेट काढली होती. ती घ्यायची की नाही, एवढं ठरवायला दोघं आले होते. तुळसाबाईचा नवरा रामाजी त्या सिनेमात होता ना! रामाजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भिवापूरची सारी सोयरीक जमणार, तेव्हा भाड्यानं व्हीसीआर आणून सगळ्यांना रामाजी दाखवायचा, असं मधुकररावांनी मनात घेतलं होतं. मोठा हौशी माणूस. पोस्टात कारकून होते, आणि सासऱ्यावर जीव सख्ख्या पोरासारखा.

आता हा रामाजी कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दिवसा कामठीत मागावर लुगडी विणायचा आणि हंगामात खडी गंमतीच्या पार्टीत झील धरायचा. खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायचा गाण्यासोंगांचा खेळ. शाहीर पुढं उभा राहून ओळ म्हणतो, ओळीच्या शेवटी हात वर करतो, आणि मागचे झीलकरी कानावर हात ठेवून "जी जी रं जी जी जी" असा तो सूर उचलतात, लांबवतात. रामाजीनं तीस वर्षं हेच केलं. मग व्हायचं काय, की कुणीही हात वर करून शब्द लांबवला की रामाजीच्या गळ्यातून झील निघायचीच. कामठीच्या चौकात एक पुढारी हात उंचावून "बंधूंनोऽऽ" म्हणाला आणि मागून रामाजीनं "जी जी रं जी जी जी" धरलं. सभा हसून लोळली. पुढाऱ्याला वाटलं, विरोधकांनी माणूस पेरला! मेहुण्याच्या लग्नात भटजींनी अक्षता वर धरून "सावधाऽऽन" म्हटलं, तेव्हाही तेच. तुळसाबाई चुलीपासून हात वर करून "अवो, लाकडं आणाऽऽ" ओरडली तरी आधी झील यायची, मग लाकडं.

तर पंचवीसेक वर्षांमागं एक सिनेमावाला नागपूरकडं आला. जत्रेचा देखावा घ्यायचा होता, म्हणून त्यानं रामाजीची पार्टी उभी केली. देखावा असा, की जत्रेतून नायक लढाईला निघतो आणि हात वर करून म्हणतो, "आई, मी निघालोऽऽ!" झालं. मागून, "जी जी रं जी जी जी!" डायरेक्टर भडकला. पुन्हा घेतलं, पुन्हा झील. रामाजीला मागच्या रांगेत ढकललं, तिथूनही झील. शेवटी कुणी डोकं लढवून त्याच्या तोंडात मूठभर फुटाणे कोंबले. नायकानं हात वर केला आणि पुढच्या माणसांच्या मानेवर फुटाण्यांचा पाऊस पडला. दिवस कलला, फिल्म संपत आली, डायरेक्टरनं कपाळ धरलं आणि झिलेसकट देखावा राहू दिला. नागपुरात सिनेमा लागला तेव्हा लोक त्या एका जागेसाठी तिकीट काढायचे. नायक निघाला, की सारं थिएटर रामाजीबरोबर झील धरायचं.

आणि आता दुकानात तीच जागा आली होती. चित्र खरंच लख्ख होतं. जुन्या कॉपीत रामाजी म्हणजे एक काळा ठिपका. इथं त्याच्या गालावरचा मस दिसत होता, खांद्यावर तुळसाबाईनं घातलेली टीपसुद्धा दिसत होती. तिचे डोळे भरून आले. नायकानं हात वर केला. पण त्याच्या तोंडून आवाज निघाला तो भलत्याच माणसाचा, आणि त्यावर बटणं दाबून वाजवायच्या बाज्याचा टुंय टुंय. मागं रामाजी कानावर हात ठेवून, गळ्याच्या शिरा ताणून तोंड उघडत होता. आवाज नाही. विहिरीतला मासा वर येऊन तोंड उघडतो, तसा.

तिथंच तिनं पदर तोंडाला लावला.

"भैय्याजी," ती दुकानदाराला म्हणाली, "त्यायचा आवाज कुठं गेला?"

भैय्याजी खुशीत होता. "मावशी, तेच तर काम केलं कंपनीनं! मागून कोनी तरी बोंबलत होता, गडबड होती सारी. साफ करून टाकली. नवा आवाज भरला. एकदम चकाचक माल!"

"बोंबलत होता?"

मधुकररावांनी भैय्याजीला डोळ्यांनी खुणावलं. भैय्याजीला काही समजलं नाही.

"मामी," मधुकरराव हळूच म्हणाले, "चेहरा तर पाहा कसा साफ दिसते. सोयरे खुश होतील. माझ्याकडून घेतो मी."

"बापू, चेहरा मले पाठ आहे. तुमाले वाईट वाटन, पण सांगतो. बाजारात लोक शिळ्या मिरचीले रंग फासतात न, लाल दिसते, अन् जिभेवर ठेवली का भुसा. तसं आहे हे. जित्या माणसाचा गळा दाबला अन् तोंड पुसून खुर्चीवर बसवला! अन् वरून म्हणतेत, साफ केलं. थू!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून पाहू लागली.

"जुनी कॉपी कुठं आहे?" तिनं विचारलं.

"ते आता कचरा आहे, मावशी. लाईनी पडतात. लग्नाच्या शूटिंगवाल्याले द्यायची आहे, तो तिच्यावरच कोनाचं तरी लग्न भरन."

"काढा."

कोपऱ्यातल्या ढिगातून भैय्याजीनं ती काढली, फुंकर मारून मशीनमध्ये घातली. चित्र वरखाली उडत होतं, पाऊस पडल्यासारख्या रेघा. रामाजी पुन्हा ठिपका झाला. मधुकररावांनी उसासा सोडला. मग नायकानं हात वर केला.

"आई, मी निघालोऽऽ!"

"जी जी रं जी जी जी!"

एक गिऱ्हाईक फस्सकन हसलं. भैय्याजीलाही हसू आवरेना. "अरे, हा तर आपला कामठीचा जी-जीवाला!" तो म्हणाला आणि तुळसाबाईकडं पाहून एकदम गप झाला.

"काहून गप झाले? हसा न," ती म्हणाली. "लोक हसतच होते त्यायले. हीच देजा मले. अन् ते दुसरी नजरेसमोरून हटवा."

मधुकरराव काही वेळ नव्या कॅसेटच्या चकचकीत डब्याकडं पाहत राहिले. वर्षश्राद्धाला आपल्या घरी लख्ख सिनेमा लागेल, सोयरे वाहवा करतील, असं त्यांनी किती दिवस मनाशी रंगवलं होतं. मग त्यांनी तो डबा भैय्याजीकडं सरकवला, मशीनमधून जुनी कॅसेट काढून घेतली आणि खिशातून सायकलची चावी काढली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचा एक बारका दात असतो. चावी त्यात घालून त्यांनी तो मोडला. कट्कन आवाज आला.

"काय करून राहिले, बापू?" तुळसाबाई घाबरली. "मोडली का?"

"नाही, मामी. हा दात मोडला का, मग हिच्यावर कोनाले काहीच भरता येत नाही."

भैय्याजी कुरकुरला, "आता ही माझ्या काय कामाची राहिली, साहेब?"

"तुमच्या कामाची ते कधी होती गा?" मधुकरराव म्हणाले, आणि कॅसेट त्यांनी सासूच्या हाती दिली.