नोएडात पाहिलेला समुद्राचा वारा

“समुद्र बघायला नोएडाला कोण जातं?” काकू हसल्या. पण हवामान केंद्राचा खुला दिवस होता आणि मला जायचंच होतं. ताईचं सासर हर्णैचं. भावोजी छोटी होडी घेऊन मासेमारीला जातात आणि रोज सकाळी मी वाऱ्याचा नकाशा पाहून त्यांना आकडा कळवतो. माझी बारावी अर्धवट राहिली आहे, त्यामुळे आपण नकाशा बरोबर वाचतो का, ही धाकधूक कायम असते.

दिल्लीत काकूंच्या सरोजिनी नगरहून गुलाबी मेट्रो पकडा, मयूर विहारला निळीत बदला आणि नोएडात सेक्टर बासष्टला उतरा. पुढे ई-रिक्षाचे वीस रुपये. ओळखपत्र विसरू नका. मी तीनदा तपासलं. फाटकाबाहेर चाळीस रुपयांत छोले-कुलचे मिळतात. पोटभर होतात.

आत नागपूरच्या एक मॅडम भेटल्या. मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं. त्यांनी सांगितलं, की भर समुद्रात वारा मोजायला माणूस नसतो. उपग्रह पाण्यावर रडारच्या लहरी सोडतो, वाऱ्यानं उठलेल्या बारीक तरंगांवरून त्या परततात आणि त्यावरून वाऱ्याचा वेग नि दिशा कळते. मग त्यांनी एकाच वादळाचे दोन अंदाज दाखवले. उपग्रहानं मोजलेले वारे न घेता केलेल्या अंदाजात वादळ भलत्याच किनाऱ्यावर जात होतं. ते वारे घेतल्यावर वादळ खऱ्या वाटेच्या बरंच जवळ आलं.

मी खिशातून माझा नकाशा काढला. सकाळीच होडीवाल्या भावोजींना ताशी पंचवीस किलोमीटर कळवलं होतं, तेही मॅडमना सांगितलं.

“हे नॉट्स आहेत, ताशी सागरी मैल,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे जवळपास शेहेचाळीस किलोमीटर. होडीवाल्यांना लगेच सांगा, यार.”

बाहेर येऊन फोन लावला. भावोजींनी दोन रिंगांत उचलला. होडी बंदरातच होती.

“पंचवीस ऐकूनच बांधून ठेवली,” ते म्हणाले. “तुझा आकडा मी दुप्पट धरतो, सुशील. दोनदा चांगला भिजलो, तेव्हा समजलं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू काळजीनं जेवला नसतास. ताईची सक्त ताकीद होती.”

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. घरी काकूंना सगळं सांगितलं; त्यांनी आधी जेवायला वाढलं. या सहलीतून माझ्याकडे काय उरलं? नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं आधी वाचायची सवय, आणि कुणीतरी इतके दिवस माझी चूक निमूटपणे सांभाळून घेत होतं ही जाणीव.

दोन दिवसांनी वारा उतरला. मी लिहिलं: बावीस किलोमीटर, दुप्पट करू नये. दुपारी ताईनं टोपलीभर बांगडा मासळीचा फोटो पाठवला. खाली भावोजींची एक ओळ होती: “बावीसच होता.”