हाजीसाहेबांचं पत्र आणि उस्तादांचा फोन

जळालेली मोटर नुसती हुंगून वाइंडिंग गेलंय की बेअरिंग जाम झालंय, हे सांगणारी माणसं लातूर जिल्ह्यात फार नसतील. नजीर त्यातला एक. औशात बसस्टँडमागे त्याचं मोटरी भरायचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं, दुकान होतं आणि बरं चाललं होतं. पण बायको वहिदा नर्स. तिला आयर्लंडला नोकरी लागली आणि वर्षभराने दुकानाला कुलूप घालून नजीरही तिकडे गेला. बायकोमागे परदेशी जाणाऱ्या नवऱ्याला नातेवाईक काय काय म्हणतात, ते इथे लिहायला नको.

तिकडे गायी भरपूर, दूध भरपूर, त्यामुळे पंपही भरपूर, आणि मोटरी तिथेही जळतातच. काम मात्र मिळेना. सात महिने नजीर कुकर लावायचा, मुलीला शाळेत सोडायचा आणि अर्ज करायचा. अर्ज आपल्याकडे करतात तसाच: वर स्टुडिओतला फोटो, खाली वडिलांचं नाव, मग विवाहित, दोन अपत्ये, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याची सहीनिशी हमी. शिवाय आपल्याकडचा रामबाण उपाय, म्हणजे वजनदार माणसाची शिफारस. नांदेडच्या एका हाजीसाहेबांचं लेटरहेड त्याने प्रत्येक अर्जाला जोडलं होतं.

एका वर्कशॉपने हाजीसाहेबांना खरोखरच फोन लावला. हाजीसाहेब खूश. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मुलगा खानदानी आहे, वालिद फार सज्जन आहेत, एवढं काम घरचं समजून करून टाका. मुलगा काम कसा करतो, असं विचारल्यावर म्हणाले, तुम्ही शिकवाल तसा करील. यापरतं चांगलं आणखी काय बोलायचं असतं! ती नोकरी तिथेच गेली.

तिकडच्या गावातल्या रोजगार केंद्रात एक वयस्कर बाई बसायची. तिने नजीरचा अर्ज समोर ठेवला आणि फोटोपासून हमीपर्यंत सगळं छाटून टाकलं. वडिलांच्या नावावर काट मारली तेव्हा नजीरला आपलंच काही कापल्यासारखं वाटलं. मग तिने एका जागी बोट ठेवलं. एकोणिसाव्या वर्षापासून अठ्ठावीसपर्यंत तू कुठे होतास? मोठा माणूस नको, ज्याने तुला काम करताना पाहिलंय तो माणूस हवा.

ती नऊ वर्षं नजीरने मुद्दाम लिहिली नव्हती. ती लातूरला गंजगोलाईच्या बाजारातल्या शरणप्पांच्या दुकानातली होती. तार गुंडाळायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि एका जानेवारीत, ऐन हंगामात, एक शब्दही न सांगता नजीर निघून गेला आणि औशात स्वतःची पाटी लावली. शरणप्पांची औशाकडची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली. या गोष्टीला आठ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. नजीरला लाज वाटायची, म्हणून तो लातुरातून जाताना गंजगोलाई टाळायचा.

पण आता, ती नऊ वर्षं लिहिलेला नवा अर्ज पाहून, तिकडच्या दुसऱ्या एका वर्कशॉपने त्याला जवळजवळ निवडलं होतं. फक्त जुन्या मालकाशी बोलायचं राहिलं होतं. नजीर धाकट्या बहिणीच्या, हुमाच्या लग्नाला नांदेडला आला होता. गुरुवारी दुपारी तीनला फोन येणार होता. त्याने शरणप्पांचा नंबर देऊन टाकला होता, विचारायची हिंमत मात्र झाली नव्हती. गुरुवारी सकाळी एसटी धरून तो लातूरला उतरला आणि शरणप्पांच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

शरणप्पांनी मान वर केली नाही. "आठ वर्षांनी गावला व्हय रस्ता?"

"चुकलं, उस्ताद. सांगून जायला पायजे होतं."

"हंगामात गेलास."

"हाव."

नजीरने फोनचं सांगितलं. शरणप्पांनी हातातली कॉइल पुरी केली, दोरा बांधला. "मी जे हाय तेच सांगीन. गोड न्हाई बोलणार."

"तेच सांगा."

इंग्रजीसाठी सूनबाईंना बोलावलं. सुकन्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तीनला फोन आला तेव्हा तिने तो स्पीकरवर ठेवला, आणि शरणप्पांनी नजीरला दाराबाहेर बसवलं. तिथून सगळं ऐकू येत होतं. नऊ वर्षांत उस्तादांनी त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. आज म्हणतील अशी आशाही नव्हती.

पलीकडचा प्रश्न सुकन्याने मराठीत सांगितला: काम कसं करतो?

"हात साफ हाय. पण घाई लई."

नजीरने खाली मान घातली.

काही चुका केल्या?

"केल्या की. एकदा एका शेतकऱ्याची मोटर भरून दिली. चालू झाली, माणूस खूश होऊन गेला. संध्याकाळी हा म्हणाला, उस्ताद, वार्निश नीट वाळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिशी सोता गेला, विहिरीतून मोटर वर काढली, आणली, फिरून भरली. नऊ वर्षांत ह्यानं माझ्यापासून एकबी जळकी मोटर लपवली न्हाई."

का सोडून गेला?

"न सांगता गेला. वाईट केलं. मला लई लागलं ते." सुकन्याने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

पलीकडच्या माणसाने शेवटचं विचारलं, हा परत आला तर तुम्ही कामाला घ्याल का? आपण ते नीट ऐकलं का, अशी सुकन्याला शंका आली. असं आपल्याकडे कोण विचारतं? तिने पुन्हा विचारून घेतलं, मग मराठीत सांगितलं.

"त्यात काय इचारायचं?" शरणप्पा चिडलेच. "त्यास्नी म्हणावं, तुमाला नको असला तर आजच कळवा. मी घेतो."

पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. सुकन्याही हसत बाहेर आली. "उशीर झाला म्हणतात. त्यांनी घेतलंय तुम्हाला."

नजीर तोंडावर रुमाल धरून रडत होता. शरणप्पा दारात आले आणि चहा सांगायला पोराला हाक मारली.

चहा झाला. नांदेडची साडेचारची गाडी होती. नजीर उठला, पिशवी खांद्याला लावली, पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत फिरला.

"उस्ताद," तो म्हणाला, "येतो मी."

"ये," शरणप्पा म्हणाले.