थोरल्या काकीची चाल

आमच्या थोरल्या काकीला जगातली सगळी गाणी येतात आणि चाल मात्र एकच येते. मी वाढवून सांगत नाही. अंगाई असो, आरती असो, भूपाळी असो, रेडिओवर कालच ऐकलेलं सिनेमातलं गाणं असो, काकीच्या तोंडून ते बाहेर पडलं की एकाच रस्त्याने चालू लागतं. ही चाल तळातून सुरू होते, माडावर चढणाऱ्या गड्यासारखी बेताबेताने वर सरकते, शेंड्याजवळ पोचली की जरा थांबून चहूकडे बघते आणि मग सरसरत खाली येते. मधेच दम लागला तर काकी एखादा 'गो' घालते आणि पुढे जाते. गाणं पुरुषाचं असलं तरी 'गो' असतोच. देवाच्या आरतीतही असतो. देवाने आजवर तक्रार केलेली नाही, असं काकीचं म्हणणं.

नागावला आमचं घर, मागे माड-सुपारीची वाडी आणि तीन भावांचं एकत्र कुटुंब. माझी आई नोकरीला अलिबागला जायची, त्यामुळे आम्हा पोरांचं जेवणखाण, न्हाणं, वेणीफणी आणि पाढे हे सगळं खातं काकीकडे होतं. पाढेही अर्थात त्याच चालीत. आज पनवेलच्या ऑफिसात मी चांगली मोठ्या टेबलावर बसते, पण सतराचा पाढा लागला की मनातल्या मनात माडावर चढल्याशिवाय उत्तर येत नाही. माझा चुलतभाऊ, म्हणजे काकीचा मुलगा, तर पिन नंबरसुद्धा गुणगुणतो. एटीएमच्या रांगेत मागचा माणूस त्याच्याकडे काळजीने बघत असतो.

शाळेत एकदा गायनाची स्पर्धा होती. मी प्रार्थना म्हटली. दुसऱ्या ओळीलाच बाईंनी पेटी थांबवली आणि विचारलं, "ही कुठली गं चाल?" मी सांगितलं, "घरची." वर्ग हसला, मी रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी काकी पदर खोचून शाळेत हजर.

"हिचे शब्द चुकले का?"

"शब्द नाही चुकले, पण काकी, चाल—"

"शब्द नाही ना चुकले? मग झालं तर."

बाईंनी मला उत्तेजनार्थ पेन दिलं. कोणाच्या उत्तेजनार्थ, ते मला अजून कळलेलं नाही. पण परतताना काकी माझा हात धरून रस्ताभर तीच प्रार्थना म्हणत होती, आणि सायकलवरून जाणारा पाववाला आमच्याकडे वळून वळून बघत असताना मला जगातल्या कुठल्याही माणसाची भीती वाटत नव्हती.

पुढे गावात पर्यटक येऊ लागले तेव्हा आम्हीही वाडीत चार खोल्या बांधल्या. घावने, सोलकढी आणि पहाटे काकी. पुण्याहून आलेले एक गृहस्थ गाणं शिकलेले होते. सकाळी ते ब्रश तोंडात धरूनच स्वयंपाकघराच्या दारात आले आणि फार आदराने म्हणाले, "मावशी, हा राग कुठला?" काकीने तव्यावरचा घावन उलटला. "राग यांना येतो," ती काकांकडे बोट दाखवून म्हणाली, "मी नुसती गाते." कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं, 'घर स्वच्छ, जेवण उत्तम, पहाटे गाणे.' वर पाच चांदण्या. त्या चांदण्या गाण्याला आहेत यात काकीला कधीच शंका आली नाही.

शिवाय तिचं गाणं घराचं घड्याळ होतं. भात दोन कडव्यांत शिजे. पंपाने टाकी भरायला एक अख्खं भजन लागे. काकांची रक्तदाबाची गोळी कुठल्याही गाण्यात ऐन वेळी शिरे: देवाचं नाव चालू असतानाच "गोळी घेतलीत का हो" अशी ओळ येई आणि चालीला जराही धक्का लागत नसे. काका एसटीतून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस. काकी वरच्या पट्टीत पोचली की ते खुरपं घेऊन वाडीत जात. ते तिथे काय खुरपत हे कोणी बघितलेलं नाही. पण "थांब" असं ते तिला आयुष्यात कधी म्हणाले नाहीत.

मग माझ्या त्या चुलतभावाचं लग्न ठरलं. वहिनी बोर्ली पंचतनची, लहानपणापासून गाणं शिकलेली, परीक्षा दिलेली. तिच्या सामानाबरोबर टेम्पोतून पेटीही आली. काकीने आळीभर सांगितलं, "आमच्या घरात आणखी एक गाणारी आली." त्यातलं 'आणखी एक' ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत ते झालं. आरतीला घर भरलं होतं. काकी नेहमीप्रमाणे खालून सुरू करणार, एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आज नवी सून म्हणू दे." वहिनीने डोळे मिटले आणि आरती म्हटली. खरं सांगायचं तर फार सुंदर म्हटली. शेजारची माणसं तिच्याबरोबर म्हणू लागली, कारण ही चाल त्यांना येत होती. आम्ही घरचे मात्र तोंड उघडून नुसते उभे. आम्हाला आमच्याच देवाची आरती येईना. ती संपल्यावर शेजारच्या नानी मोठ्या मनाने म्हणाल्या, "आज कशी आरती ऐकल्यासारखी वाटली!"

काकीने ते ऐकलं. हसली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, प्रसाद वाटला. दुसऱ्या दिवशी आरतीला तिने फक्त टाळ वाजवला. आणि गणपती गेले तरी तिने तोंड उघडलं नाही.

रुसली असती तर आम्ही समजूत काढली असती. पण ती रुसली नव्हती. सुनेशी गोड बोलत होती, तिला गाणं म्हणायला लावत होती, मन लावून ऐकत होती. स्वतः गात नव्हती, एवढंच. भात लागू लागला. टाकी भरून पाणी वाडीत वाहू लागलं. मासळी घेऊन येणारी कोळीण एकदा आमचं घर ओलांडून पुढे गेली आणि अर्ध्या आळीतून परत आली. "काकी गात न्हाय व्हय आज? माझं घर चुकलं गो!" काकी म्हणाली, "घसा धरलाय." कोळणीने टोपली उतरवली, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "घसा न्हाय. दुसरंच कायतरी धरलंय." काकीने त्या दिवशी बांगड्यांचा भावसुद्धा केला नाही.

वहिनीने मला फोन केला. आवाज रडवेला. "ताई, माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

त्याच वर्षी थंडीत काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लहानपणी झावळीचं टोक लागून त्यांचा एक डोळा कायमचा अधू झालेला. आता दुसऱ्यावर पट्टी आली, म्हणजे सगळा अंधारच. मी रजा काढून नागावला आले होते. अलिबागहून त्यांना घरी आणून ओटीवर झोपाळ्यावर बसवलं. सगळे त्यांच्याभोवती. वहिनीने विचारलं, "बाबा, काही म्हणू का?" तिने एक भजन म्हटलं. काकांनी ऐकलं, "छान म्हणतेस हो," म्हणाले. पण त्यांचा हात झोपाळ्याच्या कडीवरून खालीवर फिरत होता आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होती.

"काय हवंय?" काकीने विचारलं.

"तू कुठे असतेस ते कळत नाही मला."

"मी कुठे जाणार? इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे? विहिरीवर असलीस की तुझा आवाज वर असतो, चुलीपाशी असलीस की खाली. वाडीत कुठेही बसलो तरी मला कळायचं. आता नुसती भांडी वाजतात." इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती. "भांडी काय, कोणीही वाजवतं."

काकी उठून आत गेली. मग मागच्या दारी विहिरीवरून, आधी खोकल्यासारखं आणि मग नीट, ते खालून वर चढणं सुरू झालं. शेंड्याजवळ आवाज फाटला, 'गो' आला, आणि गाणं खाली घसरलं. काकांचा हात कडीवर स्थिर झाला. "विहिरीवर आहे," ते आम्हाला म्हणाले, जणू आम्ही विचारलं होतं.

वहिनी डोळे पुसत विहिरीवर गेली. "आई, मलाही शिकवा ना ही चाल."

"तुला? तू एवढी शिकलेली. चेष्टा करतेस का गो?"

"शप्पथ नाही. सगळ्या घराला येते, मलाच येत नाही. आरतीला मी एकटी पडते."

हे काकीला पटलं. एकटं पडणं म्हणजे काय ते तिला आता ठाऊक होतं. त्या दिवसापासून दोघींची शिकवणी सुरू झाली, आणि अशी शिकवणी मी दुसरी पाहिलेली नाही. वहिनी पेटी घेऊन बसे आणि हताश होऊन मला म्हणे, "ताई, ही दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहते हो!" काकी म्हणे, "तू फार सरळ चढतेस. जरा घसर की!" बिचारी घसरायला शिकता शिकता घामाघूम झाली. पण पुढच्या गणपतीत आमच्याकडे दोन आरत्या झाल्या: एक वहिनीच्या चालीत, शेजाऱ्यांसह, आणि एक काकीच्या, घरच्यांची. दुसरीत नानीही ओठ हलवत होत्या. प्रसाद घेताना त्या कबूल करत नव्हत्या, ती गोष्ट वेगळी.

या मे महिन्यात गेले होते तेव्हा दुपारी काकी आणि मी मागच्या अंगणात आमसुलं पालटत बसलो होतो. तिचा श्वास आता लवकर संपतो. शेंड्यापर्यंत पोचत नाही, मधूनच उतरते. मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते सहज विचारलं.

"काकी, ही चाल तू शिकलीस कुठे?"

"शिकले कुठे? होतीच." लाल झालेल्या बोटांनी ती एकेक साल उलटत राहिली. "माझी आई मी अगदी लहान असताना गेली. चेहराही आठवत नाही. फोटो काढायची पद्धत कुठे होती तेव्हा. पण कोणीतरी मला थोपटताना असं काहीतरी म्हणायचं. तीच असणार. शब्द सगळे गेले गो, चाल तेवढी राहिली. मग ती रिकामी कशी ठेवायची? मिळतील ते शब्द घालत गेले."

मी आमसुलं पालटत राहिले. थोड्या वेळाने काकीने ती चाल म्हटली, या खेपेस एकही शब्द न घालता, नुसती हुंकारात. हळूहळू वर गेली, खाली आली, आणि खाली आल्यावर जरा थांबली, याच्यापुढे आणखी काहीतरी होतं आणि ते आत्ता आठवेल अशी.